ती लिहायची तेव्हा

नववीत असताना आमच्या दोघींमध्ये लिहिणारी ती होती. मी चित्रं काढायचे. एलिमेंटरीला मला ए ग्रेड मिळाली होती, तेव्हापासून पाहुणे आले की आई चहाबरोबर माझी चित्रवहीही बाहेर आणायची. मी पुढे चित्रकार होणार हे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिच्या लिहिण्याचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं. मधल्या सुट्टीत ती काल घरी काय झालं ते सांगायला लागली, की आजूबाजूच्या बाकांवरच्या मुली डबे घेऊन सरकत सरकत आमच्याकडे यायच्या. फार काही घडलेलं नसायचं. भाडेकरूंच्या खोलीत मांजर शिरलं, एवढंच. पण ते ऐकताना माझा घास हातातच राहायचा.

मी नावडे कॉलनीतली, ती नावडे गावातली. मधे एक रस्ता. आम्ही साताऱ्याकडचे, बाबांच्या तळोज्यातल्या नोकरीमुळे इथे आलेलो. ती इथलीच, आगरी. तिचं घर अरुंद आणि उंच होतं. खाली ते राहायचे, वरच्या मजल्यांवर कंपन्यांमध्ये काम करणारे भाडेकरू, आणि सगळ्यात वर गच्ची.

तिच्याशी मैत्री व्हायच्या आधीपासून मी तिच्या वडिलांना ओळखत होते, म्हणजे चेहऱ्यानं. संध्याकाळी ते आमच्या सोसायटीच्या गेटाबाहेरच्या कठड्यावर येऊन बसायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. एकदा नव्या वॉचमननं त्यांना उठवायला पाहिलं. "किसके घर आये हो?" त्यानं विचारलं. ते म्हणाले, "माजे शेतान बसलोय." वॉचमनला काही कळलं नाही. तो हसला आणि परत खुर्चीत जाऊन बसला. मी तेव्हा क्लासहून येत होते. मलाही कळलं नव्हतं. पुढे तिनं सांगितलं, कॉलनी झाली ती त्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या भातशेतीवर.

"म्हणजे आमची बिल्डिंग तुमच्या शेतात आहे?"

"काय म्हाईत," ती म्हणाली. "बापूस दर येळी दुसऱ्याच बिल्डिंगीकडं बोट दाखवतो. सगला भराव टाकून उंच केलाय ना. त्यालाच आता उमगत नाय."

स्पर्धेची सूचना आमच्या चित्रकलेच्या सरांनी वर्गात वाचून दाखवली. मुंबईतली एक संस्था शाळेतल्या मुलांसाठी दोन विभागांत स्पर्धा घेत होती, चित्राची आणि लेखनाची. विषय दोन्हीला एकच: 'मी राहते ती जागा'. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. तेवढ्यात शेजारून हळू आवाजात प्रश्न आला, "मी लिवू?"

मी वळून बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

मी काढलं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं दृश्य. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, लांब तळोज्याच्या कारखान्यांची धुरांडी. खाली कठड्यावर बसलेला एक माणूस. त्याचा चेहरा जमेना, म्हणून मी त्याला पाठमोरा केला.

तिनं लिहिलं ते मला शाळेच्या जिन्यात बसून वाचून दाखवलं. शाळेत ती आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची, कधी जमायचं, कधी नाही. पण लिहिताना तिनं तो प्रयत्नच केला नव्हता. घरी बोलतात तसं लिहिलं होतं. सुरुवात मला अजून पाठ आहे:

'माजे बापासला अजून सपनान पानी दिसतं. खारा पानी. उघाडी तुटलीय आन पानी शेतान शिरतंय. तो उठून बसतो न म्हनतो, माती आना, माती. मंग आयस त्याला सांगते, अवो, शेत नाय आता आपला, तिथं बिल्डिंग हाय. मंग तो गप झोपतो.'

उघाडी म्हणजे काय ते मला तिनंच सांगितलं. खाडीच्या बांधाला झडप असायची, भरतीला बंद करायची, ओहोटीला उघडायची. ती तुटली की खारं पाणी भातात शिरायचं आणि वर्ष वाया जायचं. मी विचारलं, बाबा खरंच असे उठून बसतात? ती म्हणाली, "खरा. आन शेत नाय सांगितला का बरा वाटतं त्याला." पुढे तिनं बांध घालायला धावणारी माणसं लिहिली होती, चिखलात रुतलेल्या आजोबांचा पाय लिहिला होता, आणि शेवटी संध्याकाळी गेटावर बसणारा बापूस. संपल्यावर तिनं कागद मिटले. ती म्हणाली, "वाईट हाय ना?" मी नुसती मान हलवून नाही म्हटलं. अंगावर काटा आला होता आणि तो तिला दिसू नये म्हणून मी हात ओढणीखाली घेतले होते.

मराठीच्या बाईंना ते दाखवावं लागलं, कारण शाळेचा शिक्का त्यांच्या सहीनंतर मिळायचा. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "मनापासून लिहिलं आहेस ग. पण हे असं नाही चालणार. प्रमाण भाषेत कर. मी मदत करते."

ती खाली बघत म्हणाली, "बाई, माजा बापूस तसा बोलत नाय."

"स्पर्धा आहे ही. परीक्षक काय म्हणतील?"

 तिनं कागद बाईंच्या हातातून परत घेतला आणि थेट चित्रकलेच्या सरांकडे गेली. सरांनी सूचनेचा कागद काढून पुन्हा वाचला. "इथं फक्त 'मराठीत' एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "ही मराठी नाही काय?" बाईंना त्यांनी काय समजावलं ते आम्हाला कळलं नाही, पण सही झाली. माझं चित्र आणि तिचे कागद एकाच मोठ्या पाकिटात गेले. तिच्या कागदांची झेरॉक्स काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग सुरू झालं वाट बघणं.

निकाल दिवाळीच्या सुमारास लागणार होता. संस्थेच्या वेबसाइटवर एक पान होतं. त्यावर 'निकाल लवकरच' अशी लाल अक्षरं उघडझाप करायची. दिवाळीची सुट्टी लागली आणि मी रोज दुपारी तिच्याकडे जायला लागले. त्यांच्या घरात खाली रेंज यायची नाही, म्हणून आम्ही तिच्या वडिलांचा फोन घेऊन गच्चीवर जायचो. गच्चीवर तिच्या आईनं सुकट वाळत घातलेली असायची. कावळे आणि मांजरं हाकलायचं काम आमच्याकडे होतं. एका हातात काठी, एका हातात फोन. पान उघडायला वेळ लागायचा. स्क्रीनवर ते गोल फिरत राहायचं. मग ती लाल अक्षरं यायची, लवकरच, लवकरच.

"परत दाब," ती म्हणायची.

"आत्ताच तर बघितलं."

"परत दाब गो."

मी पुन्हा दाबायचे.

त्या गच्चीवर आम्ही काय काय ठरवलं होतं! मी नंबरात आले तर निळा ड्रेस घालणार होते. स्टेजवर कुठल्या बाजूनं चढायचं, नमस्कार आधी करायचा की बक्षीस घेतल्यावर, यावर आमची भांडणं व्हायची. चित्र फ्रेम करून देतील का, पेपरात फोटो येईल का, ही माझी चिंता. तिचं मागणं एकच होतं. ते तिनं एकदाच सांगितलं, कठड्याला टेकून, तळोज्याच्या दिशेनं बघत.

"नंबर नाय आला तरी चालंल. पन कोनीतरी माईकवर वाचला पायजे. आन बापूस समोर खुर्चीव बसलेला पायजे."

"का ग?"

"त्याचा कोन ऐकतो? गेटावर बसतो न उठून येतो."

तिच्या वडिलांना स्पर्धेचं माहीत होतं, पण तिनं काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. ते कधीतरी जिना चढून वर यायचे, विचारायचे, "आला का गो तुमचा रिझल्ट?" आम्ही नाही म्हटलं की माझ्याकडे बघून हसायचे. "येल, बाय. येल." मग सुकटीतली मूठभर खाली घेऊन जायचे. भाजल्याचा वास वरपर्यंत यायचा आणि पाठोपाठ वाऱ्यावर कारखान्यांचा तो आंबूस वास. आज दोन्ही वास एकत्र आले तर मी कुठेही असले तरी पंधरा वर्षांची होते.

दिवाळी गेली. शाळा सुरू झाली. लाल अक्षरं तशीच होती. मला वाटायला लागलं, संस्था विसरली. ती म्हणाली, इसरनार नाय. मग एकदा भूगोलाच्या तासाला चित्रकलेचे सर दारात आले. तास घेणाऱ्या सरांच्या कानात काहीतरी बोलले आणि आमच्या बाकाकडे बघून हसले.  क्षणभर मी उठूनही उभी राहिले होते, असं नंतर मैत्रिणी सांगायच्या.

दुसरा नंबर. लेखनाचा. तिचा.

वर्गानं टाळ्या वाजवल्या, बाक वाजवले. चित्रांच्या निकालात माझं नाव कुठेच नव्हतं. ती रडायला लागली आणि माझा हात इतका घट्ट धरून रडायला लागली, की मलाही रडू आलं. कुणाचं रडू कशासाठी ते मी तेव्हा तपासून बघितलं नाही. बरंच झालं.

समारंभ मुंबईत होता. सरांच्या ओळखीच्या एकाच्या गाडीनं आम्ही गेलो. सर, ती, मी आणि तिचे वडील. तिची आई आली नाही, म्हणाली घरी भाडेकरूचं बाळ आजारी आहे, मी गेले तर त्यांना कोण बघणार. वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता, बाह्यांना इस्त्रीची धार. वाटेत ते खिडकीतून बाहेर बघत बसले आणि पूल आला की पाणी भरतीचं आहे की ओहोटीचं ते सांगत राहिले.

हॉल गार होता. खुर्च्यांना लाल मखमल. तिचे वडील पुढून तिसऱ्या रांगेत बसले, मी त्यांच्या शेजारी. तिला हवं होतं अगदी तसं. बक्षीस मिळालेल्यांचं लेखन छापलेली एक देखणी पुस्तिका प्रत्येकाच्या हातात दिली होती. मी तिचं पान काढलं. वर तिचं नाव, शाळेचं नाव, आणि खाली:

'माझ्या वडिलांना आजही स्वप्नात खारे पाणी दिसते. बांध फुटून पाणी शेतात शिरत आहे असे त्यांना वाटते व ते दचकून जागे होतात. मग आई त्यांची समजूत काढते, की आता आपले शेत राहिलेले नाही.'

मी पुन्हा वर जाऊन नाव बघितलं. तिचंच होतं. स्टेजच्या पायरीजवळ ती पुस्तिका उघडून उभी होती. तिची मान वर आली तेव्हा तिनं मला गर्दीत शोधलं. संस्थेच्या एक बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होत्या. नंतर तिनं मला त्यांचं बोलणं सांगितलं. "फार सुंदर लिहिलंस बाळा. सगळ्यांना समजावं म्हणून आम्ही थोडं शुद्ध केलं, बरं का." इतक्या मायेनं म्हणाल्या, की तिनं त्यांना थँक्यू म्हटलं.

विजेत्यांनी आपलं लेखन माईकवर वाचायचं होतं. तिचं नाव पुकारलं. ती चढली, पुस्तिका दोन्ही हातांत धरली आणि छापलंय तसं वाचलं. एकही शब्द चुकला नाही. पाठ्यपुस्तकातला धडा वाचतो तसा आवाज. 'ण' सगळे नीट. मी तिच्या वडिलांकडे बघितलं. ते कान देऊन, थोडे पुढे वाकून ऐकत होते.

मग त्यांनी मला हळूच विचारलं, "बाय, ही कोनाचा वाचते?"

"तुमचंच आहे, काका. तुमच्यावर लिहिलंय तिनं."

ते पुन्हा ऐकायला लागले. कपाळाला आठी. शेवटी गेटाजवळ बसणाऱ्या वडिलांचा परिच्छेद आला. छापलेल्यात तो 'प्रवेशद्वाराजवळील कठडा' झाला होता. ती थांबली, टाळ्या झाल्या. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या. पण खाली बसताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चांगला हाय. पन तो मी नाय वाटत."

परतीच्या वाटेवर ते पुढे बसले, मांडीवर ट्रॉफी. आम्ही सरांबरोबर मागे. सर फोनवर मुख्याध्यापकांना बातमी देत होते. ते संपल्यावर तिच्या वडिलांनी मान वळवली.

"आता तुजा वाच."

"तो कागद त्यांच्याकडं रायला, बाबा."

"तोंडी सांग. तूच लिवलास ना?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. मग सुरू केलं. 'माजे बापासला अजून सपनान पानी दिसतं.' वडिलांची मान एकदम सरळ झाली. 'खारा पानी. उघाडी तुटलीय.' ते हं, हं करायला लागले. 'तो उठून बसतो न म्हनतो, माती आना.' ते हसले. सरांकडे बघून म्हणाले, "खरा हाय, सर. मी असाच करतो." थोडा वेळ गाडीत तिचाच आवाज होता. आजोबांचा पाय चिखलात रुतला तिथपर्यंत ती आली आणि तिच्या तोंडून निघालं, 'त्यांना बाहेर काढण्यासाठी'. ती थांबली. पुन्हा मागून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी छापलेलंच वाक्य आलं. तिनं ओठ मिटले. मीही आठवून बघितलं, मला तर सुरुवातीपुढचं काहीच येत नव्हतं, आणि जे येत होतं ते पुस्तिकेतलं होतं.

"राऊ दे," ती म्हणाली. वडील पुढे वळून बसले. खाडीवरच्या पुलावर पाणी कुठलं आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

सरांनी नंतर संस्थेला फोन केला, मूळ कागद मिळतील का म्हणून. बघतो म्हणाले. पुन्हा केला, पुन्हा बघतो म्हणाले. मला खात्री होती की येतील. दुपारी शिपाईकाका टपाल घेऊन ऑफिसकडे जाताना दिसले, की मी वर्गाच्या खिडकीतून त्यांच्या हाताकडे बघायचे. दहावी संपेपर्यंत बघत होते. तिनं कधी विचारलं नाही. दहावीत शाळेनं तिला पुन्हा एका स्पर्धेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली अभ्यास आहे. खरंच होता. तिनं पुढे कधी लिहिलं नाही.

मी चित्रकार झाले नाही. तुर्भ्याला एका पॅकेजिंग कंपनीत डिझाईनचं काम करते, बिस्किटांची आणि मसाल्यांची वेष्टनं. लिहायला कधी लागले ते नेमकं सांगता येत नाही. बहुतेक ते हरवलेलं पान आठवायचा प्रयत्न करता करताच. किती वेळा बसले असेन! तिच्या बोलीत लिहायला गेले की नाटकातल्यासारखं होतं. माझ्या भाषेत लिहिलं की पुस्तिकेतल्यासारखं. आजोबांचा तो पाय चिखलातून कसा निघाला, ते तिनं कुठल्या शब्दात लिहिलं होतं? त्या जिन्यात मला ते इतकं स्पष्ट दिसलं होतं, की आजोबांच्या पोटरीवरचा चिखल मी अजून रंगवू शकेन. शब्द नाहीत.

तिचं लग्न उरणच्या बाजूला झालं. घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते, चांगलं चाललंय. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिचे वडील आता थकलेत, फारसे बाहेर पडत नाहीत, पण तब्येत ठीक आहे म्हणाली. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी ओट्याशी उभी. बोलता बोलता मी तिला त्या निबंधाचं विचारलं. तिला आठवायलाच थोडा वेळ लागला.

"अजून तुज्या डोक्यान हाय तो?" ती हसली. "मना तर ती ट्रॉफी कुठं गेली ते पन म्हाईत नाय."

"तुला वाईट नाही वाटत?"

"तवा वाटलेला. पोरवय होतं." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "तुला अजून वाटतं?"

मी ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करायला लागले. मग तीच बोलायला लागली, तिच्या सासूबाईंविषयी. त्यांना विमानांचा भारी राग. घरावरून विमान गेलं की त्या अंगणात येतात, पदर खोचतात आणि मान वर करून आतल्या माणसांना शिव्या घालतात. वाळत घातलेल्या मिरच्यांवर सावली पाडता म्हणून. परवा एकाला इतक्या जोरात दिल्या, की शेजारचा कुत्रा घरात पळाला. ती सासूचा आवाज काढत होती, हातात पीठ, कंबरेवर मनगट. मी हसत हसत खाली बसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते थांबेना.

"हे लिही ना ग," मी म्हटलं. "प्लीज. कुठे पाठवू नकोस. नुसतं लिही."

"मी कशाला लिवू? तुला सांगते ना."

मी पर्समधून फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू करायला. तिनं बघितलं आणि पिठाच्या बोटानं खूण केली. "ठेव तो. त्याच्याकडं बगून मना बोलता नाय येत."

मी फोन ठेवला. तिनं भाकरी उलटली, ती टम्म फुगली. बाहेर विमान आलं असावं, कारण अंगणातून सासूबाईंचा आवाज चढला. ती माझ्याकडे बघून भुवया उडवून म्हणाली, "चल, चल गो लवकर," आणि आम्ही दोघी दाराकडे धावलो.